कशात शिजवलंय ते विचारा

लंडनमध्ये टेम्सच्या उत्तर काठाजवळ पुडिंग लेन नावाची एक गल्ली आहे. आज तिथे पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. दोन्ही बाजूंना कचेऱ्यांच्या इमारती, दुपारी कागदी पिशवीत सँडविच घेऊन लगबगीनं जाणारी माणसं आणि भिंतीवर एक पाटी. 2 सप्टेंबर 1666 च्या पहाटे इथे टॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली आणि पुढच्या काही दिवसांत तिनं जुन्या लंडनचा बहुतेक भाग गिळला. क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हुक यांनी त्या आगीचं स्मारक म्हणून उभारलेला दगडी स्तंभ हाकेच्या अंतरावर आहे. त्याची उंची 202 फूट, कारण पायथ्यापासून त्या बेकरीच्या जागेपर्यंतचं अंतरही 202 फूट. आतल्या 311 पायऱ्या चढून मी वर गेले, धापा टाकत नदी पाहिली आणि खाली उतरून पुन्हा त्या गल्लीच्या पाटीसमोर येऊन उभी राहिले.

बेकरी आणि पुडिंग हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याकडच्या माणसाचं गणित लगेच सुटतं. इराण्याच्या हॉटेलातलं ब्रेड पुडिंग किंवा लग्नाच्या पंगतीत नव्यानं शिरलेलं कॅरमल पुडिंग आपल्याला ठाऊक असतं. पुडिंग म्हणजे गोड, मऊ, चमच्यानं खायचं काहीतरी. तेव्हा या गल्लीत पुडिंगं भाजत असतील आणि भट्टी विझवायची राहिली असेल, एवढी गोष्ट आपण मनातल्या मनात रचूनही टाकतो. पण गल्लीचं नाव आगीहून जुनं आहे. जॉन स्टो नावाच्या शिंप्यानं 1598 साली लंडनची गल्लीबोळानुसार माहिती देणारं एक पुस्तक छापलं, त्यात या नावाचं कारण आहे. जवळच्या ईस्टचीप बाजारातले खाटीक डुकरं इथे आणून गरम पाण्यानं साफ करत आणि त्यांची ‘पुडिंगं’ बाकीच्या घाणीबरोबर याच उतारानं टेम्सवर उभ्या असलेल्या मैल्याच्या होड्यांकडे नेत. पुडिंगं म्हणजे आतडी!

इंग्लंडमध्ये पाऊल ठेवल्यापासून हा शब्द मला छळतच होता. सकाळच्या न्याहारीच्या पाटीवर ब्लॅक पुडिंग, दुपारी पबच्या फळ्यावर स्टेक अँड किडनी पुडिंग, रविवारच्या जेवणात यॉर्कशर पुडिंग आणि सगळ्यात शेवटी नुसतंच ‘पुडिंग’, ज्याच्याखाली केक, टार्ट, आइस्क्रीम अशी सगळी मंडळी एकत्र बसलेली. यातल्या कुठल्याही दोन पदार्थांत चव, रंग, आकार किंवा वेळ यांपैकी काही समान सापडेना. स्टोनं एक टोक हातात दिलं होतं. मावसबहीण मँचेस्टरच्या उत्तरेला बरी गावात राहते, तिच्याकडे जायचंच होतं. म्हटलं, हे टोक धरूनच उत्तरेकडे जाऊ.

मँचेस्टरहून बरीला ट्राम जाते. गाव एके काळी सूतगिरण्यांचं. लंडनचं पोलीसदल उभं करणारे रॉबर्ट पील इथले, चौकात त्यांचा पुतळा आहे. पण बाहेरगावची माणसं बसनं लोटतात ती पुतळ्यासाठी नव्हे, बाजारासाठी. बरीचा बाजार म्हणजे चिनी मातीच्या बशा, पडद्यांची कापडं, लोकरीचे मोजे, मासळी, आणि या सगळ्यांत वाफाळत्या कढया घेऊन बसलेले ब्लॅक पुडिंगवाले.

“आधी सांगून ठेवते, ते रक्ताचं असतं,” ताई म्हणाली. “मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, मी काही अजून तोंडाला लावलेलं नाही. भावोजी तुझे खातात.”

“रविवारीच फक्त,” भावोजी म्हणाले.

डुकराचं रक्त, जव, ओटचं पीठ, चरबीचे बारीक तुकडे, कांदा, मसाला आणि इकडच्या जुन्या पाककृतींत पेनीरॉयल नावाची पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती. हे मिश्रण आतड्यात भरायचं, दोन्ही टोकं बांधायची आणि उकळायचं. घोड्याच्या नालासारखं वाकवलेलं ते काळं कुळकुळीत पुडिंग विक्रेत्यानं पाण्यातून काढलं, सुरीनं उभं चिरलं आणि विचारलं, मोहरी की व्हिनेगर? भावोजींनी मोहरी सांगितली. मी एक घास घेतला. रक्ताची चव म्हणून जी धास्ती होती तसं काही लागलं नाही. जवाचा दाणा दाताखाली येतो, मग मिरी, मग चरबीचा ओलावा. पदार्थ गरिबाच्या घरचा आहे हे मात्र कळतं. जनावर मारलं की रक्त सगळ्यात आधी नासतं, ते त्याच दिवशी वापरायला हवं. त्यात धान्य मिसळलं की ते पोटभरीचं होतं, आणि भरायला पिशवी त्याच जनावराच्या पोटात तयार असते. ही युक्ती काही इंग्रजांची एकट्यांची नाही. होमरच्या ओडिसीतही चरबी आणि रक्त भरलेल्या पोटाच्या पिशव्या निखाऱ्यांवर भाजत ठेवलेल्या आहेत.

शब्दाचा उगम फ्रेंच ‘बुदँ’कडे आणि त्यामागे लॅटिनमधल्या छोट्या सॉसेजच्या नावाकडे नेणारे कोशकार पुष्कळ आहेत. तो उगम खरा धरला, तर बोटॉक्सच्या इंजेक्शनशीही पुडिंगचं दूरचं नातं लागतं. बोट्युलिझम हे विषबाधेचं नाव सॉसेजच्या लॅटिन शब्दावरूनच पडलं, आणि बोटॉक्सचं नाव त्यावरून. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात पुडिंगचे अर्थ एकाखाली एक दिले आहेत: पीठ, दूध आणि अंडी घालून केलेला पदार्थ, जनावराचं आतडं, आणि ते आतडं भरून केलेला पदार्थ. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोड पुडिंग आणि आतडं एकाच नावाखाली नांदत होते आणि कुणालाही त्याचं वावगं वाटत नव्हतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सनं 1786 साली हॅगिसवर कविता केली तेव्हा त्याला पुडिंगांच्या कुळाचा सरदार ठरवलं. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुस आणि ओट तिच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवलेला पदार्थ. त्याला पुडिंग म्हणण्यात बर्न्सला काही विनोद करायचा नव्हता. त्याच्या दृष्टीनं ते पुडिंगच होतं.

आतडं हे पुडिंगचं पहिलं भांडं, एवढं इथे कळलं. पण आतड्याची एक अडचण असते. ते जनावर मारलं तेव्हाच मिळतं, साफ करणं किळसवाणं आणि फार दिवस टिकतही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत आतड्याची जागा घ्यायला एक नवी वस्तू आली. ती पाहायला मी ओल्डहॅमला गेले.

ओल्डहॅम बरीपासून लांब नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतकताईत जगात पहिला नंबर या गावाचा होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस यायचा थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून आपल्याकडचा कापूस लँकशरच्या या गिरण्यांत यायचा. आखूड धाग्याचा म्हणून इथले कामगार त्याच्या नावानं बोटं मोडत आणि सगळ्याच हिंदुस्थानी कापसाला ‘सुरत’ म्हणत. आता गिरण्यांपैकी बऱ्याच पडल्या, उरल्यासुरल्यांत गोदामं आणि व्यायामशाळा आहेत. पण गावाचा म्हणून एक पदार्थ टिकून आहे, रॅग पुडिंग, अर्थात फडक्यातलं पुडिंग. मैदा आणि सूएट यांची जाड पोळी लाटायची, तिच्यात मांसाचा खिमा आणि कांदा घालून घडी मिटायची, सुती फडक्यात गुंडाळायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. सुताच्या गावात फडक्याला तोटा नव्हता. खाटकाच्या दुकानातून आणलेलं हे पुडिंग ताईनं पातेल्यात उकळून फडकं सोडवलं, तेव्हा कापडाची वीण त्या पांढऱ्या आवरणावर जशीच्या तशी उमटलेली होती.

सूएट म्हणजे काय ते मला ताईच्या शेजारणीनं सांगितलं. या बाईंनी आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं. बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी म्हणजे सूएट. ती किसून पिठात मिसळली की पीठ शिजताना हळूहळू वितळते आणि जिथे तिचे कण होते तिथे पोकळ्या राहतात. म्हणून सूएटचं आवरण जाड असूनही जाळीदार होतं. घरोघर ही चरबी किसण्याचा त्रास वाचवायला मँचेस्टरमध्ये 1893 साली अटोरा नावाची तयार किसलेली सूएट निघाली. तिचं नावच स्पॅनिशमधल्या बैलावरून घेतलंय. “तुमच्याकडची माणसं येतात तेव्हा मी हिरव्या पुड्यातली वापरते, ती वनस्पतीची असते,” बाई म्हणाल्या. हे ऐकून ताईनं माझ्याकडे पाहिलं. गोड पुडिंग म्हणून निर्धास्तपणे खाणाऱ्या आपल्या कितीजणांच्या पोटात बैलाची चरबी गेली असेल, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत मला दिसला.

नाताळचं पुडिंगही त्यातलंच. त्यालाही आधी फडकंच होतं. डिकन्सच्या 1843 च्या नाताळकथेतल्या गरीब क्रॅचिट कुटुंबात पुडिंग कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात शिजतं आणि ते बाहेर काढताना घरभर धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. कापडात बांधून उकळल्यामुळे ते पुडिंग तोफेच्या गोळ्यासारखं वाटोळं व्हायचं. जुन्या चित्रांत दिसणारा वर हिरवी डहाळी खोचलेला गोळा तो हाच. त्याला प्लम पुडिंग म्हणत, पण त्यात प्लम शोधू नये. त्या काळच्या इंग्रजीत मनुकांनाही प्लमच म्हणत. मनुका, बेदाणे, सूएट, पावाचा चुरा, अंडी, साखर, मसाले आणि दारू. हे सगळं नाताळच्या महिनाभर आधी, ॲडव्हेंट या नाताळपूर्व पर्वाच्या आधीच्या शेवटच्या रविवारी ढवळायला घेतात. त्या रविवारच्या चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवात मनं ढवळून जागी करण्याच्या विनवणीनं होते. बायकांनी तो इशारा पुडिंगसाठी मानला आणि त्या दिवसाचं नावच ‘स्टर-अप संडे’ पडलं. घरातल्या प्रत्येकानं एकदा पळी फिरवायची, तीही पूर्वेकडून पश्चिमेकडे, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या मानासाठी.

याच पुडिंगमध्ये 1927 साली साम्राज्यही ढवळलं गेलं. साम्राज्यातला माल खपवण्यासाठी नेमलेल्या एम्पायर मार्केटिंग बोर्डानं राजवाड्याच्या आचाऱ्याकडून एक पाककृती मिळवून तिचा गाजावाजा केला. तिच्यात प्रत्येक जिन्नसापुढे त्याचा देश छापलेला होता: बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, सूएट न्यूझीलंडची, लवंगा झांझिबारच्या, रम जमैकाची, दालचिनी हिंदुस्थान किंवा सिलोनची. एका वाडग्यात अर्धं जग बसवून त्यावर ब्रँडी ओतून काडी लावायची, असा तो देशभक्तीचा कार्यक्रम.

शाळेतल्या त्या बाईंना मी शेवटी विचारलंच, की आतड्यातलं रक्त, फडक्यातला खिमा आणि मनुकांचा गोळा यांना एकच नाव कसं? त्यांनी पदार्थांचा विचारच केला नाही. म्हणाल्या, “सगळी पातेल्यातच जायची ना!” भरायचं, बांधायचं, उकळायचं. आपल्याकडे वडी म्हटलं की कोथिंबिरीची, अळूची, नारळाची, सगळ्या एका नावात बसतात आणि कोणती पानाच्या डाव्या बाजूला वाढायची, कोणती सणाला करायची हे कुणाला विचारावं लागत नाही. तिथे नाव घाटाचं आहे, इथे नाव शिजवण्याच्या रीतीचं. चवीचा त्या नावाशी मुळात संबंधच नव्हता. चूल एक, लोखंडी पातेलं एक आणि ओव्हन फक्त श्रीमंताकडे किंवा बेकरीवाल्याकडे, अशा घरांत एकाच उकळत्या पाण्यात मांस, भाजी आणि फडक्यात बांधलेलं पीठ, सगळं एकदम शिजायचं. ईशान्येकडे, न्यूकॅसल-डरहॅमच्या बाजूला, अजूनही पीज पुडिंग मिळतं. वाटाण्याची पिवळी डाळ फडक्यात बांधून डुकराच्या मांसाबरोबर एकाच पाण्यात सोडत, ती शिजून घट्ट व्हायची. मांस थोड्यांच्या वाट्याला यायचं, त्याची चव मात्र त्या पाण्यातून सगळ्यांच्या वाट्याला जायची. 1690 च्या दशकात इंग्लंडात राहणाऱ्या मिसाँ नावाच्या फ्रेंच माणसानं आपल्या प्रवासवर्णनात या पुडिंगांची इतकी तारीफ केली आहे की इंग्रजांनाच आश्चर्य वाटावं. त्यानंही पीठ, दूध, अंडी, मनुका, मज्जा, चरबी अशी यादी देत हातच टेकले: प्रकार इतके की वर्णन करणं कठीण.

मग यॉर्कशर पुडिंगचं काय? ते तर कशात बांधतही नाहीत आणि उकळतही नाहीत. पेनाइन्सचे डोंगर ओलांडून आगगाडी यॉर्कशरात उतरते. एका रविवारी लीड्सजवळच्या एका पबात ते माझ्यासमोर आलं, ताटाच्या मधोमध, सोनेरी, कडा वर चढलेल्या आणि पोटात खड्डा. खड्ड्यात तपकिरी ग्रेव्ही. मैदा, दूध आणि अंडी यांचं पातळ मिश्रण धूर निघेपर्यंत तापवलेल्या चरबीत ओतायचं आणि ओव्हनचं दार उघडायचं नाही, एवढंच त्याचं शास्त्र. पाण्याची वाफ होऊन ते फुगतं. 2008 साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे, असा निकालही दिला.

पूर्वी ते फुगत नसे. शेगडीसमोर लोखंडी सळईवर मांसाचा मोठा तुकडा फिरत असायचा आणि त्यातून गळणारी चरबी झेलायला खाली पसरट थाळा ठेवायचा. त्या थाळ्यातच हे मिश्रण ओतलं की वरून ठिबकणाऱ्या चरबीत ते चपटं शिजायचं. 1737 मध्ये छापलेल्या पाककृतीत त्याचं नाव ‘ड्रिपिंग पुडिंग’, ठिबकणीचं पुडिंग, असं आहे. 1747 साली हॅना ग्लासनं आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्याला यॉर्कशरचं नाव दिलं आणि तेच टिकलं. पिठाचं मिश्रण पुडिंगचंच होतं, भांडं तेवढं बदललं. फडक्याऐवजी थाळा आला आणि नाव मिश्रणाबरोबर थाळ्यात उतरलं.

यॉर्कशरात ते मांसाआधी खायची रीत होती. जो पुडिंग जास्त खाईल त्याला मांस जास्त, असं आई मुलांना सांगायची. पुडिंगनं पोट भरलं की मांस मागायला कुणी उरत नसे, हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

लँकशर आणि यॉर्कशर यांचं जुनं वैर पुडिंगांनीही चालवलं आहे. बरीहून जुन्या वाफेच्या गाडीनं रॅम्सबॉटमला जाता येतं. तिथे दर सप्टेंबरात ब्लॅक पुडिंग फेकण्याची जागतिक स्पर्धा भरते. वीस फूट उंच फळीवर यॉर्कशर पुडिंगांचा ढीग रचतात. खालून ब्लॅक पुडिंग फेकायचं आणि जास्तीत जास्त यॉर्कशर पुडिंगं पाडायची. फुटू नये म्हणून ब्लॅक पुडिंग बायकांच्या पायमोज्याच्या कापडात गुंडाळतात. म्हणे पंधराव्या शतकात गुलाबांच्या लढायांत दोन्ही बाजूंचा दारूगोळा संपला आणि सैनिकांनी शिदोरीतली पुडिंगं एकमेकांवर भिरकावली. ही कथा सांगणाराच सांगताना हसतो, तेव्हा ऐकणाऱ्यानंही तिची साल काढू नये.

डार्बिशरमधलं बेकवेल हे पुढचं ठिकाण. 1951 साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालेल्या पीक डिस्ट्रिक्टमधलं हे वाय नदीकाठचं गाव. गावातून जाणारा जुना लोहमार्ग उखडून त्यावर आता पायवाट केली आहे, तीवरून चालत लोक येतात आणि पुडिंगच्या दुकानांसमोर रांग लावतात. खरं मूळ पुडिंग आमचंच, असं सांगणारी दुकानं एकाहून जास्त आहेत. गोष्ट मात्र सगळे एकच सांगतात. एकोणिसाव्या शतकात चौकातल्या खानावळीच्या मालकिणीनं स्वयंपाकिणीला जॅमचं टार्ट करायला सांगितलं, तिनं अंड्याचं मिश्रण पिठात घालायचं सोडून जॅमवर ओतलं आणि पाहुण्यांनी बोटं चाटली. गोष्ट छान आहे, पण एलायझा ॲक्टननं 1845 च्या पुस्तकात बेकवेल पुडिंगची पाककृती अगदी ठरलेल्या पदार्थासारखी दिली आहे. चुकून झालेल्या पदार्थाला इतकी रुळलेली चाल येत नाही.

मी घेतलं ते हातावर मावणारं, कडा जळकट, मध्ये डळमळतं. पापुद्र्याच्या खालच्या थरावर जॅम आणि त्यावर लोणी, साखर, अंडी, बदाम. गोड, जड आणि कडेला खमंग. याच गावच्या नावानं कारखान्यातून जे बेकवेल टार्ट बाहेर पडतं, पांढऱ्या साखरेच्या थरावर लाल चेरी लावलेलं, त्याला इथली माणसं नाक मुरडतात. टार्ट वेगळं आणि पुडिंग वेगळं, हे मला दुकानातल्या मुलीनं जरा कठोरपणेच समजावलं. पण पाहायला गेलं तर आतडं, फडकं, पातेलं यांपैकी काहीही इथे नाही. पिठाच्या पाळीत भरलेलं मिश्रण ओव्हनमध्ये भाजलं, एवढंच. भरणं तेवढं शिल्लक राहिलं आणि त्यावर पुडिंग हे नाव तगलं.

एकोणिसाव्या शतकात ओव्हन घरोघर आले, साखर स्वस्त झाली आणि स्टॅफर्डशरच्या कुंभारवाड्यांतून कड असलेले चिनी मातीचे वाडगे ढिगांनी निघू लागले. कड कशाला? वरून कागद आणि फडकं दोरीनं बांधायला. आतड्याचं काम फडक्यानं केलं होतं, फडक्याचं वाडग्यानं केलं. फडकं नुसतं झाकणापुरतं उरलं. गोळा जाऊन पुडिंगला टोपीचा आकार आला. केस त्या आकारात कापले तर इंग्रज अजूनही त्याला पुडिंग बेसिनची कापणी म्हणून हिणवतात. या वाडग्यातल्या वाफवलेल्या पुडिंगांना वर ओतायला सोबती हवा होता, तो बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं दिला. बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून त्यानं 1837 साली मक्याच्या पिठाची अंड्याविना कस्टर्ड पावडर केली. तीच पावडर आज आपल्या प्रत्येक किराणा दुकानात आहे. आपण तिचं फ्रिजमधलं फ्रूट कस्टर्ड करतो, हे लोक ते कढत कढत पुडिंगवर ओततात.

कॉट्सवोल्ड्समधल्या मिकलटन गावी एका हॉटेलात 1985 पासून पुडिंग क्लब चालतो. जुनी इंग्रजी पुडिंगं लोक विसरत चालले म्हणून तो निघाला. संध्याकाळी आधी नावापुरतं हलकं जेवण देतात आणि मग एकापाठोपाठ सात पुडिंगं वाजतगाजत बाहेर येतात. मनुकांचे ठिपके असलेलं स्पॉटेड डिक येताच खोलीत ठरलेला हशा पिकतो. या नावातल्या ‘डिक’चा आजच्या इंग्रजीत भलता अर्थ असल्यामुळे कुठल्याशा सरकारी उपाहारगृहानं त्याचं ‘स्पॉटेड रिचर्ड’ करून टाकलं होतं, आणि त्यावर देशभर चेष्टा झाली. एक वाटी संपल्याशिवाय दुसरी मिळत नाही. शेवटी मतदान घेतात. माझ्या टेबलावर स्टिकी टॉफी पुडिंगचं पारडं जड होतं. उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये 1970 च्या दशकात गाजलेलं हे खजुराचं पुडिंग म्हणजे खरं पाहता टॉफीच्या रसात बुडालेला केक आहे. सूएटची गरज त्याला लागत नाही. सूएट कशाकशात आहे हे मी वाढणाऱ्या मुलाला प्रत्येक खेपेला विचारत होते, आणि प्रत्येक खेपेला त्याला उत्तर ठाऊक होतं. तो म्हणाला, हल्ली सगळेच विचारतात.

माझ्या शेजारी बसलेले निवृत्त शिक्षक मात्र वेगळ्याच मुद्द्यावर अडले. मी सहज ‘स्वीट’ म्हटलं, तर त्यांनी भुवई उंचावली. 1954 साली ॲलन रॉस नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं इंग्लंडातले उच्चवर्गीय कोणते शब्द वापरतात आणि त्यांच्यासारखं दिसू पाहणारे कोणते, याची यादी केली. लेखिका नॅन्सी मिटफर्डनं पुढच्याच वर्षी ती आपल्या लेखातून घरोघर पोचवली. त्या यादीत ‘पुडिंग’ हा घरंदाज शब्द आणि ‘स्वीट’ हा वरवर चढू पाहणाऱ्यांचा. ‘डेझर्ट’ म्हणजे जुन्या घरांत पुडिंगनंतर येणारी फळं आणि सुका मेवा. खाटकाच्या गल्लीतून निघालेला शब्द उमरावांच्या टेबलावर जाऊन बसला तो असा. शाळेतल्या बाई याच गोष्टीला ‘आफ्टर्स’ म्हणत होत्या, म्हणजे ‘नंतरचं’. मला तो शब्द सगळ्यांत प्रामाणिक वाटला, कारण पुडिंगचा आजचा अर्थ तोच झाला आहे. आतडं गेलं, फडकं गेलं, पातेलं गेलं, काही ठिकाणी पीठही गेलं. उरली ती जेवणातली जागा.

इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या माणसाला मी एवढंच सांगेन. पुडिंगच्या आधी रंग असेल तर ते खाटकाकडचं समजा. आधी मांसाचं नाव असेल तर जाड आवरणाआड तेच मांस आहे. गावाचं नाव असेल तर नाव घेऊन विचारा. नाताळचं किंवा वाडग्यात उकडलेलं असेल तर चरबी कशाची ते विचारायला लाजू नका. आणि आधी काहीच नसेल, नुसतं ‘पुडिंग काय घेणार?’ असा प्रश्न आला, तर तो पदार्थाचा प्रश्नच नव्हे. लंडनला परतल्यावर एका साध्याशा हॉटेलात मला हा प्रश्न विचारला गेला. फळ्यावर पुडिंगच्या मथळ्याखाली सफरचंदाचं क्रंबल, आइस्क्रीम आणि सगळ्यांत शेवटी तीन प्रकारचं चीज व बिस्किटं लिहिली होती.

“चीजसुद्धा पुडिंगच का?” मी विचारलं.

“शेवटी खाल्लंत तर,” ती म्हणाली, आणि पेन्सिल सरसावून उभी राहिली.